कच्च्या अस्तराचा कोट

माझ्या पेटीत एक काळा लोकरी कोट आहे. आमच्या मंठ्यात लोकरी कोट घालणं म्हणजे उन्हात शेकोटीशी बसणं. तरी मी तो शाळेत बरेच हिवाळे घातला. मी फळ्याकडं वळलो की पोरं "अस्वल आलं, अस्वल आलं" म्हणायची आणि ते मला स्पष्ट ऐकू यायचं. तसा मी तापट माणूस. पाढा चुकला तरी माझं डोकं फिरायचं. पण या कोटावरून मी कधी कुणावर छडी उगारली नाही. त्याचं अस्तर आतून गोधडीच्या टाक्यांनी शिवलेलं आहे, आणि ते तसं कसं झालं हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

जालन्याच्या शाळेत मी गणित शिकलो ते उर्दूतून. निजामाचं राज्य होतं. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं आणि कोनाला जाविया. शिकवणारे उस्ताद असे चोख, की त्यांनी नुसत्या हातानं काढलेलं वर्तुळ आम्ही मधल्या सुट्टीत दोरी लावून मोजायचो आणि दरवेळी हरायचो. पुढं राज्य बदललं. हैदराबादेत मी पदवी घेतली आणि एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात वाचली: इथिओपियात इंग्रजीतून गणित शिकवायला मास्तर पाहिजेत, करार तीन वर्षांचा. मी अर्ज ठोकून दिला. वडील नव्हते, घरी माय एकटी. भावकीतलं कुणीतरी तिला म्हणालं, "पोरगं त्या हबशांच्या मुलखात चाललंय, आता कशाचं परत येतंय."

माय म्हणाली, "तिथं बी लेकरंच असतील ना. त्यांना बी पाढे लागत असतील."

तिथलं गाव डोंगरावरचं. पावसाळ्यात अशी थंडी की बोटांत खडू धरवायचा नाही. मी एका शिंप्याच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. त्याची मशीन ओसरीवर, दिवसभर खडखड चालू. पन्नाशीचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची चार-दोन वाक्यं. पण शाळेतून आलो की त्याची बायको कॉफी मांडायची. एकाच भांड्यात तीनदा उकळून तीन पेले, आणि तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीत. एकदा मी घाईत दुसऱ्या पेल्यावरच उठलो, तर त्यानं मशीन थांबवली आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी गुपचूप परत खाली बसलो. परमुलखात माणसाला कुणीतरी असं हटकणारं लागतं. मला ते आयतं मिळालं होतं.

दोन वर्षं झाली आणि घरी जायची रजा मिळाली. आता तिथला कायदा असा, की परदेशी नोकराला देशाबाहेर जायचं असेल तर घरदार असलेल्या एखाद्या स्थानिक माणसानं त्याला जामीन राहायचं. हा रजा संपायच्या आत परत येईल, नाहीतर रीतसर सुटका घेईल, असं लिहून द्यायचं. तो आलाच नाही तर जामिनाला पकडायचं आणि त्याच्या घरावर टाच आणायची. हेडमास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथंच तणतणलो, की मी काय पळून जाणारा चोर आहे? घरी येऊन मी शिंप्याला खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी सांगितलं. तो मशीनवरून उठला, माझ्याबरोबर कचेरीत आला आणि कागदाखाली फुलीची खूण करून मोकळा झाला. त्याला वाचता येत नव्हतं. कागदात काय लिहिलंय हेही त्यानं विचारलं नाही.

निघायच्या दिवशी त्यानं हा कोट माझ्या हातात दिला. बाहेरून सुरेख, पण आतलं अस्तर पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी नुसतं टाचलेलं. मी बोट लावून दाखवलं. निरोप द्यायला आलेल्या हेडमास्तरांनी त्याचं म्हणणं मला इंग्रजीत सांगितलं: नवा कोट अंगाला बसायला दोन-तीन महिने लागतात, आधीच अस्तर पक्कं केलं तर खांद्यात ओढतं, तू परत ये, मग पक्कं करून देतो. ही त्याची कामाची पद्धतच होती. त्या गावात कच्च्या अस्तराचे कोट घालून हिंडणारी कितीतरी माणसं मी पाहिली होती.

घरी आलो तेव्हा आमच्याकडं अधिक श्रावण लागत होता. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. बहिणीच्या नवऱ्याला वाण द्यायचं म्हणून माय अनारशांच्या खटाटोपात होती. तिकडच्या गमती सांगताना मी बोलून गेलो, की त्यांच्या वर्षाला तेरा महिने असतात. बारा महिने सरसकट तीस दिवसांचे आणि तेरावा नुसता पाच दिवसांचा.

मायचे हात पिठात थांबले. "म्हंजी त्यांच्यात दरसाल धोंडा?"

"दरसाल."

"मंग जावयाला वाण बी दरसाल द्यावं लागत आसंल. अवघड हाय बाबा तिकडच्या सासूचं."

त्याच वर्षी मंठ्याच्या लोकांनी हायस्कूल काढलं होतं. जागा कुठली, तर एका आडत दुकानामागची कापूस ठेवायची खोली. शाळा सुटली की पोरांच्या केसांना कापूस चिकटलेला असायचा. तोवर सातवीपुढं शिकायचं म्हणजे गाव सोडायचं, नाहीतर शाळा सोडायची. आता शाळा आली, पण गणिताला मास्तर मिळेना. मंडळी घरी आली. "मास्तर, रजेवर आलातच तर चार दिवस बघा." मी गेलो. मराठीतून गणित शिकवायची माझी पहिलीच वेळ. तोंडातून कधी मुसल्लस निघायचं, कधी ट्रँगल. त्रिकोण शेवटी यायचा. पोरं हसून हसून लोळायची आणि मी चिडायचो.

असेच आठ-दहा दिवस गेले असतील. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं. शेवटच्या गोणपाटावरून एक मुलगी उठली, न विचारता खडू घेतला आणि तेच उदाहरण माझ्यापेक्षा दोन पायऱ्या कमी करून सोडवलं. खडू ठेवला आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. मी बघतच राहिलो. मला उस्तादांची ती वर्तुळं आठवली, आणि आपल्याला आता इथंच राहायचं आहे हे मला कळलं.

मी राजीनामा लिहायला बसलो तर मंडळी म्हणाली, "कशाला लिहून राह्यले मास्तर? समुद्रापल्याडून कोन येतंय तुमाला धरायला?" क्षणभर मलाही ते पटलं, हे कबूल करतो. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. लोक गेल्यावर तिनं विचारलं, "तुला तिथून सोडलं तवा जामीन कोन राह्यलं?"

"घरमालक. तो शिंपी. सांगितलं नव्हतं का?"

"बराबर हाय मंग. तुला धराया कोनीच येनार न्हाई. त्याला धरतील."

त्याच संध्याकाळी मी राजीनामा विमानाच्या टपालानं धाडला. महिनाभरानं तिकडच्या शिक्षण खात्याचं उत्तर आलं. सुटका मिळेल, पण अटी तीन. माझी कामाच्या परवान्याची पुस्तिका परत करायची. मी स्वखुशीनं नोकरी सोडत आहे असा शपथेवरचा हलफनामा माझ्या मुलखातल्या अधिकाऱ्यापुढं करून पाठवायचा. आणि जामिनानं स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत उभं राहून, या माणसाकडं माझं काही येणं उरलेलं नाही, असं सांगायचं. सगळं रजा संपायच्या आत. रजेची शेवटची तारीख त्यांच्या पंचांगातली, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची पाचवी.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं उभा राहून दिवस मोजले. आठ निघाले. टपालाला तिथं पोचायला दहा दिवस तरी लागायचे. परत मोजले, परत आठ. मी ते पत्र भिरकावलं, कॅलेंडर ओढून काढलं, नशिबाला शिव्या दिल्या, आणि मग खाली बसलो. ज्या माणसानं न वाचता माझ्यासाठी खूण केली त्याचं घर माझ्यापायी जाणार. त्याची ओसरी, ती मशीन, त्याच्या बायकोची कॉफी, सगळं मला दिसायला लागलं. मला रडू आलं. मी ते मायपासून लपवलं नाही.

मायनं कॅलेंडर उचलून खिळ्याला लावलं. म्हणाली, "त्यांचा धोंडा धरलास का?"

"कसला धोंडा?"

"तूच सांगलास ना, पाच दिसांचा."

मी धरला नव्हता. तिकडं पगार बाराच महिन्यांचा मिळायचा, त्यामुळं तेराव्याला कुणी जमेस धरत नसे, आणि तीच सवय मला लागली होती. जुन्या वर्षाचा शेवटचा तीस दिवसांचा महिना संपवून मी थेट नव्या वर्षात उडी मारली होती. मधले पाच दिवस जागच्या जागी होते. आठाचे तेरा झाले. गणिताचा पदवीधर मी, आणि माझी चूक काढली ती दिवस बोटांवर मोजणाऱ्या मायनं. त्या दिवशी मी तिच्या पाया पडलो, तर म्हणाली, "पाया मागून पड. जालन्याची मोटार गाठ जल्दी."

जालन्याच्या तहशिलीत नवी अडचण. हलफनामा करणाऱ्याची ओळख पटवायला तिथला जाणता माणूस पाहिजे. जालन्यात मला ओळखणारं एकच घर होतं. उस्ताद दारातच खाटेवर बसले होते. शाळेची भाषा बदलली तेव्हापासून ते घरीच होते. मी सगळं सांगितलं. ते उठले, शेरवानी चढवली, वाटेनं एवढंच म्हणाले, "तू बराबर करून राह्यला, बेटा. जिथून उठायचं तिथून सांगून उठावं. मला कोनी सुटकेचा कागद न्हाई दिला. शाळा तिथंच राह्यली, मी तेवढा घरी आल्तो."

मी त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत राहिलो.

तहशिलीतला कारकून तरुण होता. म्हणाला, "उर्दू सही चालणार नाही." माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तोच उस्तादांनी माझ्या दंडावर हात ठेवला, टाक घेतला, आणि सावकाश, एकेक अक्षर गोल काढत देवनागरीत सही केली. वर्तुळ काढायचे ना, तशीच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "उस्ताद, हे कधी शिकलात?"

"नातीच्या पाटीवर," ते म्हणाले. "तिची शाळा मराठी हाय. सबक बिलकुल सोपा हाय, मास्तरीन तेवढी कडक हाय."

पुस्तिका, हलफनामा आणि शिंप्याला एक पत्र, सगळं एका लखोट्यात घालून मी रजिस्टर केलं. शिंप्याचं पत्र हेडमास्तरांनी वाचून दाखवायचं होतं. त्यात मी लिहिलं होतं, मी येत नाही, मला माफ कर. याहून जास्त लिहायला सुचलं नाही.

मग वाट बघणं आलं. गणपतीत माय राजूरच्या देवळात जाऊन आली. तिथं पुजाऱ्यानं विचारलं, नारळ कुणाच्या नावानं? मायला शिंप्याचं नाव काही केल्या उच्चारता येईना. ती म्हणाली, "शिंपी हाय. लांबचा हाय. देवाला ठावं हाय." पुजाऱ्यानं नारळ फोडला.

दसरा झाल्यावर जाडजूड पाकीट आलं. वर सुटकेचा कागद, शिक्क्याचा, आणि खाली ती ओळखीची फुली. सोबत हेडमास्तरांची चिठ्ठी होती. कागद मुदतीच्या दोन दिवस आधी पोचले. तिकडं नव्या वर्षाचे सण, गावाला नवे कपडे पाहिजेत, शिंप्याचा वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. त्यानं मशीनवर कापड टाकलं, दुकान बंद केलं आणि दिवसभराच्या वाटेवरची कचेरी गाठली. अधिकाऱ्यानं विचारलं, या माणसाकडं तुझं काही राहिलं आहे का? शिंपी म्हणाला, "माझं काही नाही. त्याचंच माझ्याकडं एक अस्तर राहिलं आहे."

पाकिटाच्या तळाशी कापडाच्या चिंधीवर गुंडाळलेला काळा दोरा होता आणि त्यात खोचलेली एक सुई.

मायनं तो दोरा माझ्या हातून घेतला, कोट मांडीवर पसरला, आणि पांढरे कच्चे टाके एकेक काढत काळ्या दोऱ्यानं अस्तर शिवायला लागली. कोटाची शिलाई तिला कुठली येणार? तिला गोधडी यायची. तिनं गोधडीच घातली, बारीक, दाट, ओळीला ओळ लावून. खालच्या कडेला आली आणि वीतभर राहिलं असताना तिनं दोरा तोडला. तेवढ्या भागात शिंप्याचे पांढरे टाके तसेच राहू दिले.

"माय, हे का सोडलं? दोरा आहे की अजून."

"त्याला ठिवलं," माय म्हणाली. "कधी आला हिकडं, तर काय शिवंल मंग?"

तो कधी आला नाही. ती वीतभर कड अजून कच्चीच आहे.