जलालुद्दीननं सरळ केलेली बाजाची पेटी

घुग्घुसच्या बाजारात जलालुद्दीन पेटीवाल्यासारखा कान कोणाचाच नव्हता, असं खुद्द जलालुद्दीनच सांगायचा. झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांच्या हार्मोनियम त्याच्याकडे दुरुस्तीला यायच्या. पेटीचा मालक म्हणायचा, "भाता गळते जी." हा भाता शिवायचा अन् कोणी न विचारता सूरही घासून द्यायचा. वर त्याच्या कानाची तारीफ ऐकावी लागायची, ती फुकट.

त्र्याण्णव साली कोळसा खाणीत मशीन बसवायला परदेशी इंजिनियर आले. त्यातला गिया जॉर्जियाचा. गावानं त्याला रशियावाला ठरवून टाकलं होतं. "जॉर्जिया, जॉर्जिया" सांगून बिचारा दमला. एक दिवस तो बटणांचं छोटं अकॉर्डियन घेऊन दुकानात आला. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं.

"माँ का है," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "हमारे पहाड़ में औरतें बजाती हैं. माँ अब नहीं. उसका गाना मैं बजाता. बस, छेद बंद करो."

भोक तासाभरात बुजलं. तिथंच थांबला असता तर तो जलालुद्दीन कसला! त्यानं बटण दाबून पाहिलं. भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसराच!

"या अल्लाह! एका बटणात दोन सूर? पुरी पेटीच बिघडली हाय!"

"त्यायनं निस्तं छेद बुजवाले सांगतलं न?" बायको रहमतबी म्हणाली.

"तुले काय समजते? पोट पाह्यताना डॉक्टरले मोतीबिंदू दिसला, तं सोडून द्याचा काय?"

चार दिवस पठ्ठ्या राबला. आतल्या सुरांच्या पट्ट्या घासल्या. जिथं घासून भागेना तिथल्या उपटून नालीत फेकल्या अन् हार्मोनियमच्या बसवल्या. आता दाबा की ओढा, सूर एकच.

पेटी परत न्यायच्या दिवशी त्यानं अर्धा बाजार गोळा केला. गियानं आईचं गाणं धरलं. पहिली ओळ नीट निघाली. दुसऱ्या ओळीला भाता ओढला अन् तो थांबला. परत धरलं, परत तिथंच अडलं.

जलालुद्दीन बढाईखोर होता, पण कान खोटा नव्हता. गाणं जिथं वळायचं, तो ओढल्यावरचा सूरच त्यानं मारला होता.

गियानं मान वर केली. भोवतालची गर्दी पाहिली, जलालुद्दीनचा उतरलेला चेहरा पाहिला. मग हसून त्यानं दुसरीच सोपी धून वाजवली. "वाह उस्ताद!" म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या, अन् तो जीपकडे गेला.

"मायचं गाणं अर्ध्यातच काऊन सोडलं जी त्यायनं?" रहमतबीनं विचारलं.

जलालुद्दीन अनवाणीच धावला. जीपचा दरवाजा धरून म्हणाला, "साहेब, तुमची पेटी चांगली होती. मीच बिघडवली."

"मालूम."

"मंग तिथं काऊन नाई बोलले?"

गियानं पेटी मांडीवर घेतली.

"सब लोग देख रहे थे, उस्ताद."