सत्तर मिळाल्या

निरुपमा मोहित्यांचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. पत्र पेटीत टाकलं तरी पेटीच्या तोंडात हात घालून ते खाली पडलं की नाही ते बघायच्या. बडोद्याच्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीतल्या शेजारणी त्यावरून हसत. हसोत बापड्या. एकवीस वर्षं कापडगिरणीत टेलेक्स चालवलेल्या बाईला एवढा संशय शोभतो.

टेलेक्सचं काम मोठं चोख. मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून उतरवायचा, पट्टी यंत्रात घालून पाठवायची, शेवटी त्यातले सगळे आकडे सुटे सुटे करून पुन्हा द्यायचे. पलीकडून पोच आल्याशिवाय पट्टी फाडायची नाही. निरुपमाताई तर पोच आली तरी आठ दिवस पट्ट्या गुंडाळून खणात ठेवत. त्यांचे वडील दत्ताजीराव, ज्यांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, घरी एकच धडा द्यायचे. निरोप पोचला असं निरोप्यानं म्हणायचं नसतं, घेणाऱ्यानं म्हणायचं असतं.

मग बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली आणि गिरणीचं दार बंद झालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी निरुपमाताई घडियाळी पोळातल्या एका क्लासमध्ये, भाचीच्या वयाच्या मुलींच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकल्या. मुली आंटी म्हणत. आंटी तीन महिन्यांत त्यांच्या पुढे गेली, आणि निजामपुऱ्यातल्या एका लहानशा पाहणी कार्यालयात नोकरीला लागली.

सत्त्याण्णव साली त्या कार्यालयाकडे सत्तर गावांतल्या मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचं काम आलं. कोणाला मोतीबिंदू, कोणाला तिरळेपणा, सगळं अर्जांवरून टाइप करायचं. एका गावाची एक फाइल. प्रत्येक फाइलला शब्दाचं कुलूप घालायचं, टेलिफोनच्या तारेवरून मोडेमनं अहमदाबादच्या संकलन केंद्राला पाठवायची, आणि कुलपाचा शब्द मात्र वेगळा फोन करून सांगायचा. केंद्रानं फोनवर पोच दिली की इकडची प्रत पुसायची. प्रत बाहेर नेली तर नोकरी गेली. नियम कडक होता, पण उगाच नव्हता. दुसऱ्या एका कार्यालयातून अशीच यादी फुटली होती, आणि डोळा अधू म्हणून एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला केंद्राची यादी बंद व्हायची होती. सोमवारी डॉक्टरांचं पथक निघणार, आणि यादीत नसलेल्या गावात गाडी थांबणार नाही. पुन्हा कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळपासून लाइन खरखरत होती. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा पडद्यावर काम पूर्ण झाल्याची ओळ आली, पण पडदा म्हणजे निरोप्याच. निरुपमाताईंनी केंद्राला फोन लावला. पलीकडे हसमुखभाई होते. आलेल्या फाइली उघडून मोजायच्या, एवढंच त्यांचं काम. बडोद्याहून किती यायच्या आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एरवी ते गुजरातीत बोलत. आज मात्र मोहिते हे आडनाव ऐकून त्यांना हुरूप आला.

"ताई, सत्तर मिळाल्या हां," ते मराठीत म्हणाले. "बधी... सगळी बराबर उघडली."

निरुपमाताईंना इतकं बरं वाटलं. अहमदाबादेत बसून माणूस आपल्यासाठी मराठी बोलतोय. तरी सवयीनं त्या म्हणायला लागल्या, "एकदा आकडे सुटे करून..."

"ताई," शेजारून त्यांचे साहेब समरजित हसत म्हणाले. तिशीही न गाठलेला, सरळ मनाचा, पण सदा घाईत असलेला मुलगा. "माणूस मराठीत सांगतोय. आता काय पाढे म्हणून घेणार त्याच्याकडून?"

ताई ओशाळल्या. रजिस्टरात सत्तर लिहून त्यांनी रिसीव्हर ठेवला. समरजितनं त्यांच्यादेखत मशीनवरच्या साऱ्या फाइली पुसल्या. पाचला दहा मिनिटं असताना त्या थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या.

कडेवर मूल घेतलेली एक बाई धापा टाकत आली. "बेन, सत्तर नंबर गई?"

"ना, हजी नथी आवी," अजून नाही आली असं निरुपमाताई म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्या बाईचा शब्द त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिला.

सत्तर नंबर म्हणजे सतरा नंबरची बस. गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा. आपल्या सत्तरला ते सित्तेर म्हणतात. जन्म बडोद्यात गेला. हसमुखभाई गुजरातीत बोलले असते तर सत्तर म्हणजे सतरा हे त्यांना झोपेतही कळलं असतं. पण वाक्य मराठी होतं, म्हणून आकडाही त्यांनी मराठी धरला. बिचाऱ्यानं प्रेमानं भाषा बदलली आणि आकडा तेवढा घरचाच राहिला.

कदाचित नसेलही तसं. थांब्यामागच्या बूथमधून त्यांनी अहमदाबादला फोन लावला. घाईत नंबर एकदा चुकला.

"हसमुखभाई, केटली फाइल मळी? एक एक आंकडो बोलो." किती मिळाल्या, ते त्यांनी आता गुजरातीत आणि आकडे सुटे करून विचारलं.

"एक, सात," हसमुखभाई म्हणाले. "केम, बेन?"

त्रेपन्न गावं राहिली होती. का विचारलं, ते निरुपमाताईंनी सांगितलं. मग हसमुखभाई म्हणाले, "हुं छ वाग्या सुधी बेठो छुं, बेन. पछी मारा हाथमां नथी." सहा वाजेपर्यंत ते बसणार होते, त्यापुढे त्यांच्या हातात नव्हतं.

पाच वाजून पाच मिनिटं. मशीन पुसलेलं. कागदावरून त्रेपन्न गावं पुन्हा टाइप करायला तीन आठवडे हवेत. पण निरुपमाताईंच्या पर्समध्ये, बसच्या पासामागे, एक फ्लॉपी होती. जुनी खोड. दुपारी पाठवण्याआधीच त्यांनी कुलूपबंद फाइलींची प्रत काढून घेतली होती, पोच कागदावर येईपर्यंत ठेवू म्हणून. कार्यालयाबाहेर. नियम मोडून. हे कोणाला कळलंच नसतं, बस आली की त्या घरी गेल्या असत्या.

त्यांना कपिला आठवली. त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फक्त टाइप केलं होतं. वय सहा, पाटी नाकाला लावून वाचते. तिचं गाव यादीच्या शेवटाकडे होतं. निरुपमाताई धावू लागल्या. दुकानदार बघत राहिले, पन्नाशीकडे झुकलेली बाई साडी सावरत कुठे निघाली म्हणून.

समरजित शटरला कुलूप लावत होता. ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी पुसल्या, ताई. सगळ्या पुसल्या मी."

त्यांनी फ्लॉपी पुढे धरली.

"ही बाहेर कशी?"

"ते नंतर विचारा. आधी कुलूप उघडा."

मशीन सुरू व्हायला लागलेला वेळ त्यांना जन्माएवढा वाटला. एका फाइलला अर्धं मिनिट. मोडेम किंचाळलं, लाइन जुळली, नवव्या फाइलला तुटली. निरुपमाताईंनी ठरवलं, आता एकदम पाठवायच्या नाहीत. थोड्या पाठवायच्या, फोन करायचा, पोच घ्यायची, मग पुढच्या. वेळ जास्त जाणार होता. समरजित घड्याळ वाचून दाखवत होता, आणि त्यांनी तेही बंद करायला सांगितलं.

सव्वीस झाल्या. एक्केचाळीस झाल्या. मध्ये लाइन लागेचना, सात मिनिटं नुसता कडकडाट. निरुपमाताईंना देव आठवला नाही, गिरणीतली पट्टी आठवली, भोकंभोकं असलेली, हाताला कळणारी. सहाला आठ मिनिटं असताना शेवटची गेली. सहाला पाच मिनिटं असताना फोन लागला.

"सात," हसमुखभाई म्हणाले. "मींडुं."

"सात. शून्य," निरुपमाताई म्हणाल्या आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

थोड्या वेळानं त्यांनी रजिस्टर ओढलं. समरजितनं पेनावर हात ठेवला. "नका लिहू, ताई. मी कोणाला सांगणार नाही."

"दुपारी सत्तर लिहिलं मी. ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "आता खरं लिहिते." पोच चुकीची ऐकली, प्रत बाहेर नेली होती, असं लिहून त्यांनी पूर्ण सही केली.

बुधवारी वरून पत्र आलं. नोकरी गेली. त्याच पाकिटात सर्व कार्यालयांसाठी एक नवा नियमही होता, की यापुढे पोच घेताना संख्या एकेक आकडा सुटा करून वाचावी. समरजितनं तो भिंतीवर लावला. ताईंकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

घरी दत्ताजीरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पण पोचल्या ना सगळ्या?"

"पोचल्या."

"कोण म्हणालं?"

"घेणारा म्हणाला, आबा."

दत्ताजीरावांनी पत्राची घडी घातली आणि लेकीसाठी चहा टाकायला उठले.