खुर्चीवरच्या बाई

भूतबित, अंगात येणं... यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी एकपात्री प्रयोग करायचे. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

संक्रांतीनंतर पलूसच्या मराठी शाळेत बायकांचं हळदीकुंकू होतं, तिथं माझा प्रयोग ठेवला होता. दुपारी तीनची वेळ. स्टेजवर मी आणि एक रिकामी लाकडी खुर्ची, बस्स. खुर्चीत शेजारीण बसलीय असं समजून मी तासभर बोलायचे.

प्रयोग रंगला. पण टाळ्या थांबल्या की मला नेहमीच आतून रितं रितं वाटायचं... एवढी माणसं हसली, आणि आता पावडर पुसायची, ट्रंक उचलायची, एकटीनं एसटीत बसायचं. बायका जवळून बघायला यायच्या. "लगीन झालंय का?" "एवढं पाठ कसं ऱ्हातं?" – ठरलेले प्रश्न.

त्या दिवशी मात्र पहिलीच बाई म्हणाली, "दुसऱ्या बाई कुटं गेल्या वो?"

"दुसऱ्या कोण? मी एकटीच असते."

"आन् खुर्चीवरच्या?"

मी हसले. वाटलं, कौतुक करतेय! पण मागच्या दोघीही तेच विचारायला लागल्या. एक म्हातारी तर चिडलीच. "आवं, आमी काय आंधळ्या हाय व्हय? हिरवं लुगडं नेसलेली. तुमी बोलत हुता, ती गालात हसत हुती. डावा हात तेवढा शेवटपत्तुर पदराखाली."

डावा हात पदराखाली... माझी थोरली बहीण, अक्का... लहानपणी चुलीवर तिचा डावा हात भाजला, तेव्हापासून चारचौघांत तो कायम पदराखाली. आईमागं मला तिनंच वाढवलं. स्टेजवर उभी राहिले म्हणून मात्र तिनं बोलणं टाकलं. माझा एकही प्रयोग न बघता दोन वर्षांपूर्वी ती गेली. पलूसमध्ये हे कुणाला ठाऊक असणार?

आठवड्यानं सांगलीत प्रयोग होता. सगळा वेळ माझं लक्ष खुर्चीकडेच, दोनदा वाक्य विसरले. संपल्यावर मीच लोकांना विचारलं, "खुर्चीवर कुणी दिसलं का हो?" लोक एकमेकांकडे बघून हसले.

पुढं कितीतरी वर्षं प्रयोग केले. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. भीती नाही वाटत... मनाला लागतं ते एवढंच – तिथल्या अनोळखी बायांना अक्का दिसली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून तासभर तिच्याशी बोलत होते, आणि मला ती खुर्ची रिकामीच दिसली.