गोफण आणि ज्वारीवरचे पोपट

सत्तरच्या दशकात नागपूरजवळच्या एका खुल्या कृषी संग्रहालयात अनोळखी बाईने मला गोफणीत हरवले, असे माझे मित्र आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. पाखरे हाकायची ती जुनी गोफण प्रथम मी उचलली आणि ज्वारीच्या वाफ्यापलीकडच्या डब्यावर अचूक गोटा हाणला. शेजारी उभ्या असलेल्या बाई खळखळून हसल्या.

"गोटा लागला भाऊ, पण पाखरं तं जेवूनच राहिले ना!"

मग त्यांनी पदर खोचला, गोफण गरगर फिरवली आणि अशी आरोळी ठोकली, की वाफ्यातले सगळे पोपट उडाले. त्यांचा गोटा कुठेच लागला नाही, तरी टाळ्या त्यांनाच! माझे मत कायम आहे: पोपटांचे पोट तोवर भरले होते.