आईच्या कामातला प्रश्न

मंडळी, आई हल्ली फार विसरते, म्हणून आज सकाळी तिला तपासणीसाठी वर्ध्याला नेलं होतं.

डॉक्टरांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "आजी, यावर घड्याळ काढा."

"हे काय काढाले लावतं बाबू मले? म्या कधी पेन्सिल धरली काय!"

मी उखडले. म्हटलं, ही चाचणी परदेशातल्या शाळा शिकलेल्या लोकांवर बेतलेली आहे. अल्लीपूरच्या शिवारात जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला त्यात नापास कशाला करता?

डॉक्टर तरुण होते, पण चिडले नाहीत. "खरं आहे मॅडम. शाळेत न गेलेल्यांना यात मार्क कमीच पडतात. त्यांच्या कामातलं काही तुम्हीच विचारा ना."

वेचलेला कापूस टाकायला बाया कमरेला कापडाची झोळी बांधतात. ती बांधायला मला आईनेच शिकवलं. मी खांद्यावरचा दुपट्टा तिच्या हातात दिला. "आई, कापूस वेचाले जाऊन राह्यलो. बांध कमरेले."

तिने दुपट्टा उलटसुलट पाहिला. नीट घड्या घातल्या आणि मला परत दिला.

"चांगला हाय. कोनाचा व्हय वं?"

  परतीच्या बसमध्ये तो दुपट्टा तसाच घडी घातलेला मांडीवर होता. रडू वगैरे आलं नाही.

कागदावरची चाचणी आमच्या माणसांसाठी नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण तिच्यासाठीची चाचणी आज मीच घेतली.

तुम्ही तुमच्या आईला काय विचारलं असतं?