पडवीतला दिवा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो, संगणकाचं काम करतो. आई मैंदर्गीला एकटीच. वडील गेल्यापासून तिला विसर पडायला लागला आणि पडवीत दिवा लागेनासा झाला. एकदा अंधारात उंबऱ्याला अडखळून पडली, मनगट मोडलं. सोलापूरला चल म्हटलं तर, "हितं माझं घर हाय की!"

मग मी पडवीत आपोआप लागणारं बटण बसवलं. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये टायमर लिहिला. संध्याकाळी सुरू करून दिला, की पुढं दर चोवीस तासांनी दिवा लागणार. कुणाला विचारलं नाही, स्वतः लिहिला. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी शेजारच्या मावशींचा फोन. "इंजिनेर सायेब, तुमचा दिवा सकाळी अकराला पेटलाय. तिनीसांजंला अंधारच असंल मग?"

मैंदर्गीत वीज जाते, हे तिथंच जन्मलेला मी विसरलो होतो. आदल्या दिवशी सकाळी अकराला वीज परत आली आणि टायमर तिथून नव्यानं चोवीस तास मोजत बसला.

रविवारी जाऊन दुरुस्त केला. आता तो दर मिनिटाला घड्याळ बघतो. आईजवळ बसून राहिलो. बरोबर साडेसहाला दिवा लागला. मी हात जोडले, तिनंही जोडले. मग ती उठली, पदर सावरला, दाराकडं बघत कानडीत म्हणाली, "बंद्रा?" आले का?

वडील बाजारातलं दुकान बंद करून यायचे आणि चप्पल काढायच्या आधी ते बटण दाबायचे. रोज. त्या बटणाला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. दिवा लावायला ती विसरत नव्हतीच.

तिनं दोन कप चहा ठेवला.

"आई, अप्पा न्हाईत आता."

"मग दिवा कुणी लावला?"

"मी."

"तू तर हितं बसलायस की!"

टायमर समजावून सांगितला. ऐकता ऐकता तिला सगळं आठवलं आणि ती अप्पा गेले त्या दिवसासारखी रडली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

टायमर काढला तर ती अंधारात पडेल. म्हणून ठेवलाय. साडेसातच्या सुमाराला मावशींच्या फोनवरून तिचा आवाज येतो, "दिवा लागला, ह्ये कुटं दिसंनात रं."

"दुकानात गर्दी असंल."

"व्हय. चा झाकून ठिवते."