पिठाची खळ

तीस सालच्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्कराचा अंमल बसला. रस्त्यावर गोरे शिपाई, घरोघर धरपकड. आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांनी आपली पोरं माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "बाई, निवळेपर्यंत कुठंतरी लांब घेऊन जा." मी विशीतली शाळामास्तरीण. नाही म्हणायची अक्कल तेव्हा नव्हती. सात पोरं घेऊन बैलगाडीनं सांगोल्याकडच्या एका वाडीवर उतरले.

वाडीनं दारं लावून घेतली. शहरातली ब्याद कोण अंगावर घेणार? एका म्हाताऱ्या धनगरानं तेवढा आपला गोठा रिकामा करून दिला. त्याचे मुलगा-सून मेंढरं घेऊन लांब गेले होते. तो घरी चार शेळ्या राखून घोंगड्या विणायचा. "ऱ्हावा. पन माज्या मागाला हात लावायचा न्हाई," एवढीच त्याची अट. त्यानं हाकललं असतं तर आम्हाला दुसरं छप्पर नव्हतं.

मी मोठ्या थाटात त्याला 'शिबिर' म्हणायला लागले. सकाळी प्रार्थना, मग पाढे, दुपारी लिंबाखाली गोष्टी. पोरं आपसांत तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी आणि शेळ्यांशी दोन्ही. खरं सांगते, इतकी सुखात मी त्याआधी कधी नव्हते.

पण विणकराच्या पोरांचे हात स्वस्थ कसे बसतील? एक दिवस म्हातारा बाजाराला गेला. अंगणात घोंगडीचे उभे धागे ताणून ठेवलेले, ताठ करणारी खळ अजून न लावलेले. म्हाताऱ्याला पोरं आबा म्हणत. आबांचे उपकार फेडू म्हणून त्यांनी घरी सुताला लावतात तशी पिठाची खळ शिजवली आणि झकास चोपडली. मी उभी राहून कौतुक केलं, हेही कबूल करते.

ऊन उतरलं तशा शेळ्या परतल्या. पिठाच्या वासानं त्यांनी धागे चाटले, चावले, तोडले. म्हातारा आला आणि बघतच राहिला. मी बोचकी बांधायला घेतली.

"आरं लेकरांनू, लोकरीला चिंचोक्याची खळ लागती," तो शेवटी म्हणाला. "पीठ लावल्याव शेळ्या सोडत्यात व्हय?"

तेवढ्यात दहा वर्षांची पोर पुढं झाली, तुटलेला धागा उचलून तिनं गाठ मारली. म्हाताऱ्यानं गाठ बोटानं चाचपली. सापडेना. "बसा सारी हितं," तो म्हणाला. मग पाढे गेले चुलीत. चार दिवस पोरं गाठी मारत आणि चिंचोके वाटत बसली.

पंधरवड्यानं गाडी आली. शहर निवळलं होतं, आया वाट बघत होत्या. पोरं नाचायला लागली. म्हातारा दारात आडवा उभा राहिला.

"घोंगडी व्हईस्तवर कोन बी जायाचं न्हाई."

गाडीवान माझ्याकडं बघू लागला. घोंगडी तर परवाच मागावरून उतरली होती. घडी घालून त्याच्या बाजेवर ठेवलेली सगळ्यांना दिसत होती.